दहा मिनिटांचं पाणी

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला जागतिक साहित्याच्या पेपरला आम्ही पाच जण होतो. त्यातल्या दोघी मुलींची लग्नं ठरत आली होती, एक जण बँकेच्या परीक्षा देत होता आणि एक फक्त हजेरीपुरता यायचा. राहिलो मी. हा विषय का घेतलास, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, आवड आहे म्हणून. खरं कारण असं की अर्थशास्त्राच्या रांगेत चाळीसेक पोरं उभी होती आणि या रांगेत कुणीच नव्हतं. मला घरी लवकर जायचं होतं, कारण त्या दिवशी केळीला पाणी होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची वाडी वसई गावाच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या अंगाला. कॉलेज सायकलवर पंचवीस मिनिटं. वाडीत केळी, थोडी फुलं, आणि सगळ्यात खालच्या अंगाला कुडाच्या कुंपणात दादाची पानवेल. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी पहिल्या वर्षाला असताना श्रावणात वडील काविळीने आठ दिवसांत गेले. त्यानंतर वाडी दादावर आली, आई फुलं काढायची, आणि मी शिकत राहिलो. मी शिकावं असं कुणी ठरवलं नाही आणि शिकू नये असंही कुणी म्हटलं नाही. फी भरायची वेळ आली की दादा भरायचा.

वडील गेल्यापासून माझ्या मनाला काही लागत नव्हतं. याला दुःख म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. दहाव्याला, तेराव्याला माणसं येऊन पाठीवर हात ठेवत होती, तेव्हा मला फक्त त्या हातांचं वजन कळत होतं. जेवणात मीठ कमी आहे हेही कळायचं, पण त्याचं काही वाटायचं नाही. आई एकदा म्हणाली, "हा पोरगा दगडाचा झाला." मी ते ऐकलं आणि ताट उचलून विहिरीवर धुवायला नेलं.

अशा माणसाला जगातल्या साहित्याचा अभ्यास सोपा जातो, हे मला तेव्हा समजलं. सर एकेक पुस्तक घेऊन यायचे. मराठीत अनुवाद असला तर अनुवाद, नसला तर इंग्रजी. लायब्ररीत बहुतेक पुस्तकांची एकच प्रत. सर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, मध्येच थांबून एखाद्या पात्राचं दुःख उलगडून सांगायचे, आणि आम्ही लिहून घ्यायचो. कुठल्या कुठल्या थंड मुलखांतली माणसं उपाशी राहत, लढाईवर जात, प्रेमात पडत, मरत. मी वहीत समास सोडून सुवाच्य अक्षरात त्यांची मरणं लिहायचो. आमच्या पाच जणांचं जग स्टेशनच्या फाटकापाशी संपत होतं. पलीकडचं सगळं परदेशच होतं, त्यात बर्फ असला काय आणि नसला काय.

वाचन मात्र वाडीत व्हायचं, पाण्यावर. आमच्या विहिरीवर तीन घरांच्या पाळ्या. दोन चुलत्यांची घरं आणि आमचं. आमची पाळी दुपारी एक ते तीन, दिवसाआड. मोटर सुरू केली की पाणी पाटाने यायचं आणि एकेका वाफ्यात सोडायचं. एक वाफा भरला की कुदळीने मातीचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. केळीचा एक वाफा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मराठी पुस्तकाची दोन पानं होतात, इंग्रजीचं दीड. हा हिशोब मी पहिल्या वर्षीच बसवला होता. माझ्या सगळ्या कादंबऱ्या मी वाफ्यांवर वाचल्या. सर विचारायचे, "किती झालं?" मी मनात म्हणायचो, नव्वद वाफे, आणि तोंडाने म्हणायचो, निम्मं.

या पाण्याबद्दल आमच्यात एक रीत आहे. आजोबांच्या वेळी पाळीवरून त्यांचं आणि त्यांच्या भावाचं भांडण झालं होतं. किती वेळ पाणी घेतलंस, यावरून शब्द वाढला, कुदळ उचलली गेली, एकाचं डोकं फुटलं, आणि दोन घरांचं येणंजाणं कितीतरी वर्षं बंद पडलं. मग जाणत्या माणसांनी बसून ठरवलं की पाण्यावर जो उभा असेल त्याने सांगितलेली वेळ खरी. त्याने अर्धा तास म्हटलं की अर्धा तास. त्यावर कुणी वाद घालायचा नाही, कुणी पुन्हा विचारायचंही नाही. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटा म्हणणं. घड्याळं आली तरी रीत तीच राहिली. वडिलांनी ती आम्हा दोघांना लहानपणीच शिकवली होती आणि दादाने ती बामणाने संध्या शिकावी तशी शिकून घेतली होती.

दादाची वेल ही त्या सगळ्या वाडीतली एकच गोष्ट होती जी त्याची स्वतःची होती. वडिलांच्या आजारपणाच्या आधीच जुनी वेल गेली होती. वडील गेले त्याच वर्षी दादाने दहा गुंठ्यांत नवीन लावली. शेवरी लावून तिच्यावर वेल चढवली, दर वर्षी उतरवून पुन्हा मातीत पुरली, पेंड घातली. तिला पाणी तोच द्यायचा, तेही मोजकं. वेलीत पाय ठेवताना चपला बाहेर काढायच्या. मला तर आत जायची गरजच पडायची नाही. तिसऱ्या वर्षी वेल अशी लागली की चुलते वाट वाकडी करून बघायला यायचे. दादा अंगठ्याला लोखंडी नखी चढवून पानं खुडायचा तेव्हा शीळ घालायचा. वडील गेल्यानंतर आमच्या घरात तो एवढाच आवाज बरा वाटण्यासारखा होता, असं आई म्हणायची.

त्याच वर्षी त्याच्या लग्नाचं निघालं. मुलगी आगाशीकडची, मामाच्या ओळखीतली, वाडीवाल्यांच्या घरातली. तिच्या बापाने निरोप पाठवला होता की पोरगा शाळा फार शिकला नाही हे आम्हाला माहीत आहे, आम्ही त्याची वेल बघायला येऊ. आमच्यात असंच. वेल राखता येते त्याला घर राखता येतं, अशी समजूत. दादाने मुलीला एका लग्नात पाहिलं होतं. त्या आठवड्यात त्याने वेलीचं कुंपण नव्याने बांधलं आणि आईला दोनदा विचारलं की ओसरीला रंग द्यायचा का.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी तो पाहुण्यांचा दिवस ठरवायला मामाकडे आगाशीला गेला. आई फुलांची टोपली घेऊन बाजारात. मी एक वाजता मोटर सुरू केली, दारं धरलं आणि पुस्तक उघडलं. ती एक जाडजूड कादंबरी होती, डोंगरातल्या कुठल्यातरी गावाची. मी तिच्या मध्यावर होतो आणि तिच्यातलं मला कुणीही आठवत नव्हतं.

तिथे एक प्रकरण लागलं. त्यात एक विधवा होती आणि तिचे दोन मुलगे. नवरा मेल्यावरही ती रोज रात्री पावाचे चार तुकडे करायची आणि नवऱ्याचा तुकडा झाकून ठेवायची. सकाळी तो कोंबड्यांना जायचा. वर्षभर असं चाललं. मग एका रात्री धाकट्याने आपला तुकडा संपवला आणि झाकलेला तुकडा घेऊन खाल्ला. आई बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने लहान पाव भाजला आणि तीनच तुकडे केले. प्रकरण तिथेच संपत होतं. लेखकाने पुढे एक शब्दही लिहिला नव्हता.

मी ते पुन्हा वाचलं. मग पाटाच्या कडेला बसलो आणि तिसऱ्यांदा वाचलं. वडील गेल्यावर त्यांचा जेवायला बसायचा लाकडी पाट कितीतरी महिने भिंतीला टेकून होता आणि एके दिवशी मीच तो पुस्तकं ठेवायला घेतला होता, हे मला तेव्हा आठवलं. आईने ते पाहिलं होतं. मला रडू आलं. सव्वादोन वर्षांत आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मी गुडघ्यांत डोकं घालून मोठमोठ्याने रडलो. ऐकायला कुणी नव्हतं आणि मला फार बरं वाटत होतं. वडील गेले, वडील गेले, असं मी तोंडाने म्हणत होतो, जणू कुणी आत्ताच येऊन मला सांगितलं होतं.

वीज गेली आणि मोटरचा आवाज बंद झाला तेव्हा मी वर पाहिलं. वडिलांचं घड्याळ माझ्या हातात होतं, त्यात पावणेतीन वाजले होते. मी बसलो तेव्हा सव्वा वाजला होता. केळीचा वाफा केव्हाच भरून वाहिला होता, बांध फुटला होता आणि पाणी उतारावरून सरळ दादाच्या वेलीत गेलं होतं. मी चपला काढायचंही विसरून आत धावलो. सगळ्या सऱ्यांमध्ये पाणी उभं होतं, त्यात शेवरीची पानं तरंगत होती. मी कुदळीने कुंपणाखालून एक वाट करून दिली. पाणी हळूहळू बाहेर जाऊ लागलं. दादा येईपर्यंत वरचं पाणी गेलं होतं, चिखल तेवढा राहिला होता.

तो चार वाजता आला. हातात मामीने दिलेली पिशवी होती आणि चेहरा खुशीत होता. पाहुणे पुढच्या महिन्यात येणार होते. मी म्हणालो, "दादा, बांध फुटला. वेलीत पाणी गेलं."

त्याने पिशवी ओसरीवर ठेवली आणि वेलीकडे गेला. चपला काढून आत शिरला, चिखलात बोट घालून पाहिलं. मी कुंपणाबाहेर उभा होतो.

"किती वेळ होतं पाणी?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो, यावर नंतर खूप विचार केला. भीती होती हे खरं. पण त्याहून मोठं कारण हे की खरं सांगायचं तर दीड तास मी काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. कुठल्या तरी परक्या बाईच्या पावासाठी मी रडत बसलो होतो, हे शब्द माझ्या तोंडून निघण्यासारखे नव्हते.

दादा खाली वाकलेला होता. तसाच वाकून तो म्हणाला, "नक्की दहा?"

आमच्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत. त्याने विचारलं. मला ते तेव्हाही जाणवलं, नाही असं नाही. मी म्हणालो, "हो. दहाच."

"बरं," तो म्हणाला, आणि चपला घालून हातपाय धुवायला गेला.

दहा मिनिटांच्या पाण्याला काही करावं लागत नाही, वरची माती हलवली की झालं. दीड तासाचं पाणी असेल तर त्याच संध्याकाळी चर खणायचे, बुंध्याजवळची ओली माती काढून राख आणि कोरडी माती भरायची, मोरचूद आणि चुना ओतायचा. तरी काही वेली जातात, पण बऱ्याचशा राहतात. दादाने दुसऱ्या दिवशी खुरप्याने वरची माती हलवली. राख आणली नाही, मोरचूद आणलं नाही.

पंधराएक दिवसांनी पानं मलूल दिसू लागली. मग पिवळी पडली, मग देठासकट गळू लागली. मर, म्हणजे मूळकूज, लागली की आधी वेल वरून बरी दिसते आणि खाली मुळं काळी पडलेली असतात. पाहुणे आले तेव्हा निम्मी वेल गेली होती. मामा म्हणाला, लांबणीवर टाकू. दादा म्हणाला, नको, येऊ दे. मुलीचा बाप वेलीत शिरला, एक बुंधा बोटांनी चाचपला आणि दादाकडे पाहिलं. "पाणी जास्त झालं काय?" दादा म्हणाला, "झालं असेल." त्या माणसाने मान हलवली. जो स्वतःच्या वेलीला किती पाणी झालं हेही सांगू शकत नाही, त्याला पोरगी कोण देणार? चहा पिऊन ते गेले आणि पुन्हा निरोप आला नाही. मी ओसरीवर कपबशा गोळा केल्या.

तेव्हाही मला काही वाटलं नाही. रडणं त्या एका दुपारपुरतंच होतं, पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी कॉलेजला जात राहिलो. जानेवारीत सरांनी त्या कादंबरीवर निबंध लिहायला सांगितला. मी त्या विधवेच्या प्रकरणावर लिहिलं, एका बैठकीत, आठ पानं. पुढच्या तासाला सरांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. वाचताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. मग म्हणाले, "तुम्हा पाचांत हे पुस्तक फक्त याला कळलंय. दुःख याला आतून माहीत आहे." बँकेच्या परीक्षा देणाऱ्याने माझी वही मागून घेतली. मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि घरी गेल्यावर कुठला वाफा आहे ते आठवत होतो.

फेब्रुवारीत आम्ही वेल उपटली. मी आणि दादा, दोघंच. मेलेली वेल शेवरीवरून सोडवायची, मुळासकट ओढायची आणि ढीग करायचा. ऊन चढलं होतं. एका शेवरीपाशी दादा थांबला. तिच्या बुंध्यावर वीतभर उंचीला चिखलाची वाळलेली रेघ होती. मी आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येक शेवरीवर ती होती, सगळीकडे सारख्या उंचीवर. पाणी किती चढलं आणि किती वेळ उभं राहिलं हे वाडीतलं शेंबडं पोरही त्या रेघेवरून सांगेल. पहिल्या दिवशी तर ती ओली होती.

मी म्हणालो, "तू हे तेव्हाच पाहिलं होतंस."

"हां."

"मग चर का नाय खणलेस?"

त्याने वेल ओढली. ती मुळाशी कुजलेली होती, सहज आली. "तू दहा मिनिटं बोललास ना," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तू सांगितलंस, मग मी काय करणार, एवढंच. चर खणले असते तर त्याचा धाकटा भाऊ पाण्यावर उभा राहून खोटं बोलला, हे चुलत्यांच्या, आईच्या, सगळ्या वाडीच्या डोळ्यांसमोर कुदळीने लिहिल्यासारखं झालं असतं. त्याने ते केलं नाही. वेल जाऊ दिली. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं, पण आता सांगून कुणाला काय मिळणार होतं, असं म्हणून मी पुढच्या शेवरीकडे गेलो.

त्यानंतर त्याने मला पाण्यावर ठेवलं नाही. "तू अभ्यास कर," म्हणाला, आणि माझी पाळीही तोच करू लागला. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी पहिल्या वर्गात पास झालो, पुढे एम.ए. केलं, कॉलेजात लागलो, आणि तेच पेपर शिकवू लागलो. दादाने वेल पुन्हा लावली नाही. स्टेशनच्या पूर्वेला कारखाने झाले तेव्हा तो एका कारखान्यात लागला, उरलेल्या वेळात केळी बघायचा. लग्न त्याने खूप उशिरा केलं. वहिनी चांगली आहे. त्या आगाशीच्या मुलीचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

आमचं आजही चांगलं आहे. मी गेलो की तो केळीचा घड काढून ठेवतो, जेवल्याशिवाय सोडत नाही, समोर बसून वाढतो. फक्त एक गोष्ट माझ्या बायकोच्या लक्षात आली, लग्नानंतर दोनतीन वर्षांनी. ती म्हणाली, तुमचे दादा सगळं मला विचारतात. यांची तब्येत कशी आहे, यांचं प्रमोशन झालं काय, हे कधी निघणार, यांना भात आणखी वाढू का. तुम्ही शेजारी बसलेले असता आणि ते मला विचारतात. तुम्हाला का विचारत नाहीत?

मी म्हणालो, त्याची सवय आहे. मला कारण माहीत आहे. त्याने मला विचारलं, तर मी जे सांगेन ते त्याला खरं मानावं लागेल.